बसून घेतलेलं माप

दुकानात '३२' म्हटलं की पँट मिळते. पण तो आकडा फक्त कंबरेचा. सीट, मांडी, पोटरी कुणी मोजायची? शिवाय बाईकवर बसलं, गुडघा वाकला की पँट वर सरकते. यवतमाळ ते पांढरकवडा जाऊन बघा, घोटे उघडे! घोडेस्वारांचे चामडी चॅप्स शिवताना माप जीन्सवरून आणि गुडघा वाकवून घेतात. तुम्हीही सांगा, "मास्तर, उभं राहून झालं, आता बसवून घ्या." आणि हो, पोट आत ओढू नका :-)

कापूस आपल्या जिल्ह्याचा, डेनिमही यवतमाळच्या एमआयडीसीत विणलं गेलं. मास्तरांच्या हाती मात्र आपण फक्त ऑल्टरेशन देतो. रिक्वायरमेंटच न विचारता तयार माल घ्यायचा, मग पॅच मारत बसायचं. सॉफ्टवेअरमध्ये आपण हे चालवून घेतो का?