किल्ली कोणाकडे?

निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या हातात धरायच्या गेम कन्सोलवर यूट्यूबचं अधिकृत ॲप होतं. सप्टेंबर २०१९मध्ये ते बंद करण्यात आलं. कन्सोल धडधाकट, स्क्रीन नीट, वायफाय चालू. तरी व्हिडिओ दिसेना. पुढे काही हौशी प्रोग्रॅमर मंडळींनी 'थर्डट्यूब' नावाचं ॲप लिहिलं आणि त्याच कन्सोलवर यूट्यूब पुन्हा दिसायला लागलं. यासाठी ना निन्टेन्डोची परवानगी घेतली, ना गूगलची. सोर्स कोड सगळ्यांना खुला. अशा घरगुती, बिनसरकारी सॉफ्टवेअरला 'होमब्रू' म्हणतात. ते चालवायचं तर कंपनीने कन्सोलला घातलेलं कुलूप आधी काढावं लागतं, कारण मंजुरी नसलेलं काहीच तो चालू देत नाही.

माधव नगरात थ्रीडीएस किती घरांत असेल? फार तर परदेशातल्या मामा-काकांनी आणलेले एखाददोन. मग यावर लेख कशाला? कारण हाच प्रश्न आपल्या स्मार्ट टीव्हीचा आहे, चार-पाच वर्षं जुन्या फोनचा आहे. वस्तू बिघडलेली नसते, तिचा पाठिंबा काढून घेतलेला असतो. अशा वेळी आपण तिचे मालक असतो की नुसते भाडेकरू?

मंडळाच्या गप्पांत हा विषय निघाला तेव्हा एकीने सरळ सातव्या आज्ञेवर बोट ठेवलं: चोरी करू नकोस. आक्षेप गंभीर आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण चोरी म्हणायची तर कोणाचं काय गेलं, हे आधी विचारायला हवं. कन्सोल पैसे मोजून घेतलेला. व्हिडिओ, जो कोणालाही फुकट बघायला ठेवलेला. आणि ज्या ॲपची जागा घेतली असं म्हणायचं, ते तर कंपनीनेच बंद केलेलं.

कुलूप निघालं की चोरीचे गेमही चालवता येतात, हे खरं आहे, आणि पुष्कळ जण त्यासाठीच ते काढतात. त्याचं समर्थन मी करणार नाही. गेम लिहिणाऱ्याच्या पोटावर पाय देऊन 'होमब्रू'च्या नावाखाली लपणं हा खोटेपणा आहे. पण फ्रीगंजातल्या चावीवाल्याकडून आपण डुप्लिकेट किल्ली करून घेतो, तेव्हा त्याला कोणी चोर म्हणत नाही. घर कोणाचं आणि आत शिरून काय केलं, ते बघतात. आपला कायदाही साधारण याच वाटेने जातो. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५अ डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तर. कायद्याने मना न केलेल्या कामाला त्याच कलमात सूट आहे. अर्थात कंपन्यांच्या अटींत हे बसत नाही, आणि कुलूप काढताना कन्सोल बिघडला तर नुकसान आपलंच.

एक मुद्दा मात्र मला खरोखर टोचतो. अशा ॲपमध्ये जाहिराती दिसत नाहीत. म्हणजे मराठीत मेहनतीने व्हिडिओ करणाऱ्या एखाद्या मुलाला आपल्या बघण्यातून काही मिळत नाही. हौस म्हणून जुन्या कन्सोलवर अधूनमधून बघणं वेगळं आणि पैसे चुकवायला तीच सवय लावून घेणं वेगळं. ज्याचं काम आवडतं त्याला दुसऱ्या मार्गाने ते पोचवावं: त्याची मेंबरशिप घ्यावी, तिकीट काढून कार्यक्रमाला जावं. दुरुस्तीचा हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याच्या मजुरीचा हक्क विसरू नये.

अशा 'बेकायदेशीर' वाटणाऱ्या उद्योगातून काय उभं राहू शकतं, तेही बघा. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सवर व्हिडिओ बघता यावेत म्हणून काही हौशी लोकांनी एक प्लेअर लिहिला. कुलूप काढलेल्या एक्सबॉक्सवरच तो चालायचा. त्याचं नाव एक्सबॉक्स मीडिया सेंटर, थोडक्यात एक्सबीएमसी. २०१४मध्ये त्याचं नाव 'कोडी' झालं, आणि आज तो संगणकांवर, टीव्ही बॉक्सवर उजळ माथ्याने चालतो.

आणि उज्जैनकरांना दुरुस्तीचं महत्त्व कोणी सांगायला हवं का? आपली वेधशाळा सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधली. पुढे ती मोडकळीला आली. १९२३मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात तिचा जीर्णोद्धार झाला. बांधणारे कधीच गेले होते. ज्यांना तिची किंमत कळली त्यांनी ती उभी केली. सम्राट यंत्राची सावली आजही वेळ सांगते. त्या यंत्राला कंपनीचं कुलूप नव्हतं, हे आपलं नशीब!

पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात वापरा-फेका संस्कृतीवर कडक बोट ठेवलं. ते वाचताना आपल्या डोळ्यांपुढे प्लास्टिकच्या पिशव्या येतात. चालू स्थितीत भंगारात जाणारी यंत्रंही यायला हवीत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, ही चांगली सुरुवात. पण दुरुस्ती म्हणजे फक्त स्क्रीन आणि बॅटरी बदलणं नाही. सॉफ्टवेअर थांबल्यामुळे बंद पडलेली वस्तूही नादुरुस्तच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कंपनीने जुन्या यंत्राला जन्मभर सांभाळावं, असं मी म्हणत नाही. सोडायचं तर खुशाल सोडा. फक्त जाताना किल्ली घरमालकाच्या हातात देऊन जा.