गणपतीच्या हातातला मोडका दात

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या वाचनालयात एका वक्त्याचं भाषण झालं. नाव घेत नाही. माणूस विद्वान आहे, आवाज खणखणीत आहे आणि श्रोत्यांना काय आवडतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : घरात ज्ञानेश्वरी असताना कुराणाचं सार, बुद्धाचं चरित्र, ख्रिस्ताची कथा चाळत बसणं म्हणजे घरचं पुरणावरणाचं ताट सोडून दारोदार चव घेत हिंडणं. आधी आपल्या नऊ हजार ओव्या पचवा, मग दुसऱ्याच्या ग्रंथाला हात लावा. परका धर्म अनुवादातून कळत नाही. असल्या वाचनानं श्रद्धा डळमळते. आणि शेवटी सगळे धर्म एकच सांगतात, मग एक पुरे. टाळ्या पडल्या. त्या भरात त्यांनी सुचवलं की 'इतर धर्म' असं लिहिलेल्या कपाटासाठी पुढची काही वर्षं अनुदानातून नवं पुस्तक घेऊ नये. ही सूचना आता ठराव होऊन वार्षिक सभेपुढे येणार आहे, म्हणून हा लेख.

किरकोळ मुद्दे आधी निकाली काढतो. धर्म दुसऱ्या भाषेत नेला की नासतो म्हणणाऱ्यानं निदान ज्ञानेश्वरीचं नाव घेऊ नये. संस्कृतातली गीता मराठीत आणण्यासाठीच तो ग्रंथ जन्मला. सगळे धर्म एकच सांगत असतील, तर दुसऱ्याचं वाचून श्रद्धा डळमळेल कशानं? हे दोन मुद्दे एका भाषणात सुखानं नांदतात, याचा अर्थ वक्त्यानं दोन्हींचा विचार केलेला नाही. आणि ते एकच सांगत नाहीत. जग निर्माण करणाऱ्या ईश्वराशिवाय बुद्धाचा मार्ग उभा राहतो. कुराणाचा ईश्वर एकमेव आहे, त्याला भागीदार नाही आणि त्यानं कुणाला जन्म दिलेला नाही. ख्रिस्ती माणूस म्हणतो की देव माणूस होऊन जन्मला आणि क्रूसावर मेला. या तिघांना 'एकच' म्हणणं म्हणजे तिघांपैकी कुणाचंच न ऐकणं.

आता मुख्य मुद्दा : आधी आपलं पुरतं वाचा. हा सल्ला नम्र वाटतो, जबाबदार वाटतो, म्हणून लोक माना डोलावतात. मी तो शब्दशः पाळायला तयार आहे. चला, ज्ञानेश्वरी उघडू. पहिला अध्याय, अगदी आरंभ. ओंकाराला नमन झालं की ज्ञानदेव गणेशाचं रूपक मांडतात. सगळं वाङ्मय हीच त्या गणेशाची मूर्ती. हातातला परशू म्हणजे तर्क, मोदक म्हणजे वेदान्त. आणि एका हातात मोडलेला दात आहे. तो कशाची खूण? बौद्धमताची. वार्तिककारांनी खंडन केलेलं मत, म्हणून दात मोडका. वीस ओव्याही झालेल्या नाहीत, आणि वाचकापुढे बुद्ध उभा आहे. आता आमच्या वक्त्यांच्या शिस्तीत बसणाऱ्या वाचकानं काय करायचं? ही ओवी सोडून पुढे जायचं? की बौद्धमत म्हणजे काय हे न विचारता 'वा, काय रूपक आहे' म्हणायचं? तो दात काय होता, कुणी मोडला, कशासाठी मोडला, हे कळल्याशिवाय ती ओवी कळत नाही. आणि ते कळायचं तर 'इतर धर्म'चं कपाट उघडावं लागतं. आपलं पुरतं वाचायचं म्हणाल, तर सुरुवातीलाच शेजाऱ्याचं दार वाजवावंच लागतं.

त्याच रूपकात आणखी एक गोष्ट आहे, तिनं मला वर्षानुवर्षं सोडलेलं नाही. ज्ञानदेवांना बौद्धमत पटत नव्हतं. त्यांनी तो दात मोडका दाखवला. पण फेकून दिला नाही, देवाच्या हातात ठेवला. ज्याचं खंडन करायचं तेही मूर्तीचा भाग राहतं, इतकी मोठी मांडणी त्यांनी 1290 साली केली. त्यांचं नाव घेऊन कपाटाला कुलूप लावायला निघालेल्यांनी ही ओवी एकदा मोठ्यानं वाचावी.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. सहाशे वर्षं मराठी माणसानं तो मोडका दात वाचला आणि तो कुणाचा हे विसरला. कार्ले, भाजे, कान्हेरी, अजिंठा आमच्याच डोंगरांत. त्यांना आम्ही पांडवांची कामगिरी ठरवलं. दशावतारांच्या चित्रांत नवव्या जागी बुद्धाऐवजी कमरेवर हात ठेवलेला विठोबा आला. याला मी कुणाचा कट म्हणत नाही. विसर पडला की रिकामी जागा जवळच्या माणसानं भरली जाते. पण तो विसर मोडला कुणी? 1898 साली कृष्णराव अर्जुन केळुस्करांनी गौतम बुद्धाचं चरित्र मराठीत लिहिलं. याच केळुस्करांनी तुकारामांचंही चरित्र लिहिलं आहे. त्यांनी आधी तुकाराम 'पुरता' करून मग बुद्धाकडे जाण्याची परवानगी कुणाकडे मागितली होती? 1907 साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, त्यांच्या सत्काराला केळुस्करांनी आपलं हेच पुस्तक त्यांना दिलं. ते एका मुलाच्या हातात पडलं आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात झालेली धम्मदीक्षा सर्वांना माहीत आहे. एका पुस्तकानं एवढं केलं असं मी म्हणत नाही. मध्ये पन्नास वर्षांचा अपमान, अभ्यास आणि लढा आहे. पण ते पुस्तक 'आधी आपलं' म्हणून कपाटात अडकलं असतं तर?

गोव्यातल्या साखवळला 1876 साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींची गोष्ट याहून विलक्षण. शाळा जेमतेम, माडाबागांत राबणारा हा तरुण. त्याला बुद्ध पहिल्यांदा भेटला तो 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात, आणि ते मासिक चालवत होते ख्रिस्ती मिशनरी. हिंदू घरातला मुलगा, ख्रिस्ती मासिक, बुद्धाची गोष्ट. 1899 मध्ये त्यानं घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ करत श्रीलंकेत पोचून पाली शिकला, आणि पुढे ते ज्ञान सोप्या मराठीत घरी आणलं. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडले आणि त्या भांडणाशी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा संबंध आहे, हे कोसंबींनी मांडलं. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्येही तोच प्रसंग निर्णायक ठरतो. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून पळालेला राजपुत्र मला लहानपणी शिकवला गेला होता. पाण्याच्या तंट्यात शस्त्र उचलायला नकार देणारा माणूस मला या कपाटानं दिला. माझ्या गावात दर उन्हाळ्यात पाटाच्या पाण्यावरून डोकी फुटतात. हा बुद्ध मला परका कसा वाटेल?

श्रद्धा डळमळण्याच्या भीतीवरून एक जुना वाद पुन्हा उकरला जातो, फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाचा. मी तरुण असताना एका परिसंवादात यावरून दोन तास खडाजंगी झाली होती. एक बाजू म्हणे, ते धर्मांतराचं हत्यार. दुसरी म्हणे, ते मराठीचं निखळ प्रेम. दोघांनी ओव्या वाचल्या नव्हत्या. 1579 ला गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट होता, नव्या ख्रिस्तींना बायबल समजावं म्हणून त्यानं लिहिलं, आणि तो काळ गोव्यातल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा होता. यातलं काहीही लपवण्याची गरज नाही. पण 1616 साली रायतूरला छापलेल्या या ग्रंथासाठी त्याला ओवी लागली आणि पुराणाचा घाट लागला, म्हणजे तो आमच्याकडे शिकायला बसला होता. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेनंच हुकूम काढून स्थानिक भाषांवर बंदी आणली. त्या पहिल्या छापाची एकही प्रत आज उरलेली नाही. हस्तलिखितं उरली, कारण माणसांनी ते हातानं उतरवलं, म्हटलं, जपलं. त्यांची श्रद्धा कुणाला मोजायची असेल त्यानं मोजावी. मराठी माणसानं हा ग्रंथ न वाचता त्याची भीती बाळगणं मला लाजिरवाणं वाटतं.

मग वाचावं कसं? माझ्याकडे मोठी पद्धत नाही. सार नंतर, आधी एखाद्या माणसाचा प्रवास वाचावा. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. त्याच विनोबांनी पुढे अरबी शिकून कुराणाचं सार काढलं, त्याच गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' लिहिलं. अशा माणसांच्या मागे जावं. पटत नाही तिथे समासात प्रश्न लिहावा, आणि शक्य तर त्या धर्मात वाढलेल्या माणसाला तो विचारावा.

माझी आजी कडक सोवळ्यातली. डोळे गेल्यावर तिला मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवलं. लक्ष्मीबाईंचे पती नारायणराव 1895 ला ख्रिस्ती झाले तो भाग आला तेव्हा तिनं मला थांबवलं आणि विचारलं, "नवऱ्यानं देव बदलला, तर तिचा देव कुठला रे?" साठ वर्षं कीर्तनं ऐकलेल्या बाईला हा प्रश्न कुठल्याच कीर्तनात पडला नव्हता. लक्ष्मीबाईंना स्वतःचं उत्तर सापडायला पाच वर्षं लागली, हे ऐकून ती म्हणाली, "लागणारच." तिची तुळस तशीच राहिली, एकादशीही चुकली नाही. पुस्तक संपल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितलं.

आमच्या वाचनालयात केळुस्करांचं तुकारामचरित्र 'धर्म' या कपाटात आहे, आणि बुद्धचरित्र 'इतर धर्म' या कपाटात. लेखक एक, कपाटं दोन. वार्षिक सभेत मी ठरावाच्या विरोधात हात वर करीन, आणि बोलायला मिळालं तर ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातल्या त्या मोडक्या दातापासूनच सुरुवात करीन. ही दोन्ही पुस्तकं एकाच फळीवर शेजारी ठेवावीत, अशी उपसूचना मी लिहून दिली आहे. तिला अनुमोदक हवा आहे.