रेडिएटरातील तेल

ज्यांच्या घरी ट्रक आहे, किंवा ज्यांच्या घरचा मुलगा दुसऱ्याचा ट्रक चालवतो, अशा वाचकांसाठी आजचे हे पान आहे. इतरांनीही वाचावयास हरकत नाही. कारण ज्या घरात एका वाहनावर सात माणसांची चूल पेटते, त्या घरात इंजिनाचे दुखणे केवळ चालकाचे राहत नाही.

खानापूर तालुक्यात आमच्या शेजारी दोघे भाऊ राहतात. थोरला शेती पाहतो, धाकटा ट्रक चालवतो. बेळगावच्या बाजारातून भाजीपाला भरून गोव्याला जावयाचे आणि परत येताना मिळेल तो माल आणावयाचा, असा त्यांचा क्रम. ट्रक दुसऱ्याच्या हातचा घेतलेला, सहा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनाचा. आणि त्यावर पतपेढीचे कर्ज. गेल्या वर्षी एका रात्री मोले सोडून अनमोडचा घाट चढत असता उष्णतेचा काटा तांबड्या पट्ट्याकडे सरकू लागला. धाकट्याने शहाणपणा केला. गाडी बाजूस घेतली, इंजिन थोडा वेळ संथ चालू ठेवून मग बंद केले आणि रेडिएटरच्या झाकणास हात लावला नाही. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये हे आम्ही येथे एकदाच सांगत आहोत, परंतु दहादा सांगितले असे समजावे. बंद झाकणाखाली दाब असल्यामुळे आतील पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताच तो दाब जातो आणि पाणी उसळून तोंडावर येते.

सकाळी गार झाल्यावर झाकण उघडले, तो आत पाणी दिसेचना. वर तपकिरी, चिकट साय धरलेली. बोट बुडवले तर काकवीसारखे ओघळणारे काहीतरी. पाण्यात तेल मिसळले होते.

गाडी ओढून एका कारखान्यात नेली. तेथील कारागिराने आत एक दृष्टी टाकली आणि सांगितले, "हेड गॅस्केट गेली. हेड उतरवावे लागेल." आम्हीही त्या वेळी तेथे उभे होतो, आणि आम्हीही मान डोलावली. ही चूक आमची आहे, म्हणूनच हे लिहावयास बसलो. हेड उतरले, घासून सपाट करून आले, नवी गॅस्केट बसली. नऊ दिवस गाडी उभी राहिली, कर्जाचा हप्ता चुकला आणि थोरल्याच्या पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या. त्यानंतर पाचव्या दिवशी रेडिएटरात पुन्हा तीच साय दिसली.

तेव्हा गावातील एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांनी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. पहिला प्रश्न विचारला तो असा :

"हेड खोलायच्या आधी डिपस्टिक बघितलीस काय रे?"

"बघितली की, काका. तेल काळंच होतं."

"काळंच ना? दुधाळ नव्हतं?"

"नाही."

"मग पाणी तेलात गेलंच नाही. तेल पाण्यात गेलंय. हेडच्या मागं कशाला लागलास?"

या एका प्रश्नात त्या दुखण्याची बहुतेक परीक्षा आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने समजून घेऊ. इंजिनात तेल व पाणी शेजारी शेजारी वाहतात, मध्ये धातूची भिंत किंवा गॅस्केट असते. गाडी धावत असता तेलपंप तेलास सुमारे तीन ते चार किलोचा दाब देतो; पाण्याच्या बाजूस मात्र रेडिएटरच्या झाकणाने राखलेला एक किलोच्या आतबाहेरचाच दाब असतो. भिंतीस भोक पडले तर जोर असलेला कमजोरावर चढणार, म्हणजे तेल पाण्यात शिरणार. इंजिन बंद केले की चित्र उलटते. तेलाचा दाब क्षणात नाहीसा होतो, आणि गरम पाण्याचा दाब तसाच काही काळ टिकतो. तेव्हा त्याच भोकातून थोडे पाणी तेलात जाऊ शकते. म्हणून रेडिएटरात तेलच तेल आणि डिपस्टिक जवळजवळ स्वच्छ, असे चित्र असेल, तर प्रथम संशय घ्यावा तो दाबाखालचे तेल आणि पाणी जेथे अगदी पातळ पत्र्याच्या दोन अंगांनी वाहतात त्या जागेचा. ती जागा म्हणजे ऑइल कूलर.

पुष्कळांस हे ठाऊक नसते की जड वाहनांच्या बहुतेक डिझेल इंजिनांत तेल गार करण्यासाठी असा एक निराळा भाग असतो. तो रेडिएटरासारखा समोर दिसत नाही. कित्येक इंजिनांत तो ब्लॉकच्या कुशीत, तेलाच्या फिल्टरजवळच्या झाकणाआड, पाण्याच्या पोकळीतच बसवलेला असतो. पातळ पत्र्यांची एकावर एक रचलेली चळतच ती. आतून तेल वाहते, बाहेरून पाणी. दिसत नाही, म्हणून आठवतही नाही.

हेड गॅस्केट निर्दोषच असते, असे मात्र कोणी समजू नये. तिच्यातील तेलाच्या वाटेपासून पाण्याच्या वाटेपर्यंत फट पडू शकते. हेडला किंवा ब्लॉकला तडाही जाऊ शकतो. आमचे म्हणणे इतकेच की, आधी स्वस्त व हाताशी असलेले पाहावे, मग महाग व खोल असलेले. वैद्य नाडी पाहण्याआधी पोट चिरीत नाही.

मिस्त्रींनी पुढे काय केले ते सांगतो. गाडी रात्रभर उभी ठेवली. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळास बसते. सकाळी इंजिन सुरू न करता खालच्या चेंबरचा बोल्ट किंचित ढिला केला. पाणी असते तर तेलाच्या आधी तेच ठिबकले असते. चार थेंब आले, काळे तेलच. त्यातील एक थेंब एका जुन्या तापलेल्या तव्यावर टाकला. तेलात पाणी असेल तर फोडणीत ओली कढीलिंबाची पाने पडल्यासारखे ते चुरचुरते. हा थेंब मुकाट्याने धुरावला. थोरल्याच्या पत्नीस ही परीक्षा फार पटली, आणि ती खरोखरच पटण्याजोगी आहे. ही तपासणी टाळून गाडी तशीच दामटू नये. तेलात पाणी गेले असल्यास क्रँकचे बेअरिंग झिजतात आणि मग चार पैशांच्या दुखण्यापायी सगळे इंजिन जाते.

दुसरी परीक्षा बुडबुड्यांची. गार इंजिनात रेडिएटर काठोकाठ भरून, झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू केले. गॅस्केट जळली असेल तर सिलिंडरातील धुराचा दाब पाण्यात शिरतो आणि सुरुवातीपासूनच बुडबुडे उसळू लागतात. येथे थोडे बुडबुडे आलेच! आमच्या पोटात गोळा आला. मिस्त्री शांत. "हवेची टाकी भरू दे," म्हणाले. ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर पुष्कळ ट्रकांत इंजिनाच्याच पाण्याने गार होतो व इंजिनाच्याच तेलावर चालतो. त्याचे हेड किंवा गॅस्केट बिघडली तर तोही पाण्यात हवा सोडतो. टाकी भरून कॉम्प्रेसर मोकळा फिरू लागला की हे बुडबुडे थांबतात. सिलिंडरातले असतील तर थांबत नाहीत. टाकी भरली, पण तोवर बुडबुडे आधीच बंद झाले होते. पाणी भरताना अडकलेली हवा तेवढी बाहेर पडली होती, इतकेच. ही परीक्षा पाच-सात मिनिटे धीराने करावयाची असते. पहिला बुडबुडा पाहून पाना उचलणारे फार.

कोणते तेल पाण्यात आले आहे, हेही पाहावे. डिझेल इंजिनाचे वापरलेले तेल काजळीने काळे असते. साय पातळ असून डिझेलचा वास मारीत असेल, तर इंजेक्टरच्या बाजूस शोध घ्यावा. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांत गिअरचे तांबूस तेलही रेडिएटरच्या टाकीतून पाण्यात मिसळू शकते. या ट्रकात हाताचा गिअर असल्यामुळे तो प्रश्नच नव्हता.

मग कूलर उतरवला. पाणी व तेल काढून घेतले, फिल्टर काढला, झाकणाचे बोल्ट सोडले आणि पत्र्यांची ती चळत हातात आली. धुऊन तिचे एक तोंड बंद केले, दुसऱ्या तोंडातून टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची सुमारे सत्तर पौंडांची हवा दिली आणि ती गरम पाण्याच्या घमेल्यात बुडवली. एका कोपऱ्यातून मोत्यांच्या माळेसारखे बुडबुडे निघाले. कोणी काही बोलले नाही. थोरला भाऊ बराच वेळ त्या घमेल्याकडे पाहत उभा राहिला.

असा कूलर डाक लावून वापरू नये; पत्रा एके ठिकाणी खाल्ला गेला असेल तर दुसरीकडेही तो पातळ झालेला असतो. नवीन घ्यावा आणि त्याबरोबर दोन्ही बाजूंच्या गॅस्केटी नव्या घ्याव्या. जुन्या गॅस्केटीचा कण न् कण खरवडून काढावा. नव्या कूलरच्या तोंडांत कचरा जाऊ नये म्हणून बुचे बसवलेली असतात, ती बसवण्यापूर्वी आठवणीने काढावी. ही सूचना हास्यास्पद वाटेल. पण ती विसरल्यास तेलाची वाटच अडते.

पत्रा खाल्ला का गेला, याचे उत्तर रेडिएटरच्या तळाशी होते. गंजाचा तांबडा चिखल, आणि बंबाच्या आत धरतो तसला पांढरा थर. काटा चढला की वाटेतील विहिरीचे, ओढ्याचे, मिळेल ते पाणी ओतावयाचे, ही आपल्याकडील जुनी खोड. त्या पाण्यातील क्षार आत बसतात, आणि गंज अडवणारे औषध नसल्यामुळे धातू झिजत जातो. कारखान्याने सांगितलेले कूलंट, बॅटरीत घालतात तसल्या शुद्ध पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळून वापरले, तर ही झीज पुष्कळ टळते. मात्र बहुतेक कूलंट विषारी असते व चवीला गोडसर लागते. ते उघड्या भांड्यात ठेवू नये. मुले आणि कुत्री त्यास तोंड लावतात. काढलेले पाणी विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नये.

कूलर बदलणे हे एका दिवसाचे काम. खरा घाम निघतो तो आतील तेल धुण्यात, आणि येथेच लोक आळस करतात. रबरी नळ्यांत, रेडिएटरच्या बारीक वाटांत, सगळीकडे चिकटा बसलेला असतो. साबणाची पूड टाकून तो धुण्याचा प्रघात आहे, पण फेस होऊन पाण्याचा पंप हवाच ढवळू लागतो आणि इंजिन तापते. कॉस्टिक सोडा तर अॅल्युमिनियमच खातो. पेट्रोल किंवा डिझेल ओतणे रबराला घातक आणि आगीला आमंत्रण. तेल सोडवणारे व फेस न धरणारे तयार द्रावण मोटारीच्या दुकानात मिळते, तेच घ्यावे. थर्मोस्टॅट तात्पुरता काढून, द्रावण भरून इंजिन चांगले गरम होईपर्यंत चालवावे, निववून सगळे पाणी सोडावे, पुन्हा भरावे. येथे पाच वेळा करावे लागले. सहाव्या वेळी नुसते पाणी स्वच्छ आले. तेलाने फुगून मऊ झालेल्या नळ्या व रेडिएटरच्या झाकणाचे रबर बदलले. इंजिनातील तेल व फिल्टर तर बदलावयाचेच.

धुणे झाल्यावर धाकट्याने विचारले, "काका, थर्मोस्टॅट परत कशाला? नसला तर गाडी गार राहील की." ही समजूत आम्ही किती ड्रायव्हरांच्या तोंडून ऐकली आहे! इंजिन गार राहणे म्हणजे निरोगी राहणे नव्हे. पुरेशा उष्णतेशिवाय डिझेल नीट जळत नाही, खप वाढतो व सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्याने पाणी रेडिएटरात न जाता आतल्या आतच फिरते आणि घाटात गाडी उलट अधिकच तापते. मिस्त्रींनी नवा थर्मोस्टॅट बसवला, जुना खिशात घातला आणि चहा मागितला.

पुढे पंधरा दिवस धाकटा रोज सकाळी झाकण उघडून पाण्यावर टीपकागदाचा तुकडा टेकवून पाहत असे. पहिले तीन-चार दिवस आत राहून गेलेल्या तेलाचा फिकट डाग उठला. मग तोही उठेनासा झाला. पाटल्या अजून पतपेढीतच आहेत. गेल्या सोमवारी गाडी टोमॅटो व कोबी घेऊन फोंड्यास गेली, आणि परतताना घाट चढून अनमोडला आल्यावर धाकट्याने घरी फोन केला की काटा मध्येच आहे, जेवायला थांबू नका.