परिषदेनंतर समितीत जागा हवी

विद्यार्थी नेतृत्वाच्या परिषदा सिंधुदुर्गात जरूर भराव्यात. पण किनाऱ्याच्या निर्णयांत, म्हणजेच किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) जिल्हास्तरीय समितीत, विद्यार्थ्यांना अधिकृत जागा मिळालीच पाहिजे, ही या दैनिकाची भूमिका आहे.

विद्यार्थ्यांचा आवाज किती दूर पोहोचतो, याचे उदाहरण ताजे आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 23 जुलै 2025 रोजी हवामान बदलाबाबत राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी स्पष्ट केली. न्यायालयाने ती स्पष्ट करावी, या मागणीची सुरुवात 2019 मध्ये पॅसिफिक बेटांवरील 27 विधी विद्यार्थ्यांनी केली होती. वानुआतू सरकारने ती उचलून धरली, म्हणूनच ती हेगमधील या न्यायालयापर्यंत पोहोचली.

वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तरुणांना जगाचे प्रश्न परके नाहीत. मे 2021 च्या तौक्ते वादळात होड्या, जाळी आणि माड-पोफळींची झालेली दैना त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे.

विद्यार्थी समितीत बसले तर वाद वाढतील, हे खरे. किनाऱ्याला वाद नवे नाहीत: 1987 मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याला मच्छीमारांचा विरोध झाला. केंद्राने 2017 मध्ये बंदी घातलेल्या, एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर हीच मुले बोट ठेवतील, प्रसंगी स्वतःच्या मच्छीमार घरातही. तो वाद व्हायलाच हवा.

सीआरझेडच्या जिल्हास्तरीय समितीत पारंपरिक किनारी समाजांच्या किमान तीन प्रतिनिधींची तरतूद आहे. त्यांच्या जागांना धक्का न लावता मालवण आणि वेंगुर्ल्यातील महाविद्यालयांचा प्रत्येकी एक विद्यार्थी जिल्हाधिकाऱ्यांनी निमंत्रित म्हणून घ्यावा, आणि तोही पुढची परिषद भरण्याआधी.