रेषेला की रेषेच्या वर?

पूर्णा नदीचा पूर पूर्णा जंक्शनच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको. समजा, तेथे पुलाच्या खांबावर धोक्याची रेषा आखली आहे. पहारेकऱ्याला हुकूम आहे : दर तासाला खांब पाहा, पाणी रेषेला टेकलेले दिसले की घंटा वाजव. दहा वाजता पाणी रेषेच्या वीतभर खाली होते. अकरा वाजता ते हातभर वर गेले. पाणी रेषेला टेकलेले नाही, म्हणून पहारेकऱ्याने घंटा वाजवली नाही! चूक कोणाची? हुकूम लिहिणाऱ्याची.

संगणक असाच हुकमाचा ताबेदार आहे. क्लाउडफ्लेअर या अमेरिकी कंपनीचे प्रॉक्सी सर्व्हर वाचक आणि संकेतस्थळ यांच्यामध्ये बसून पाने पोचवतात. एकच यंत्र अनेक संकेतस्थळांचे काम करते, त्यामुळे सर्वांचा मजकूर त्याच्या स्मृतीत शेजारी शेजारी असतो. पानात काही बदल करावयाचे असल्यास तेथील आज्ञावली ते अक्षरामागून अक्षर वाचीत असे. नेमून दिलेली जागा संपली की थांबावयाचे. पण तपासणी होती, 'शेवटाला पोचलो का?' एवढीच. 'पोचलो किंवा ओलांडला?' अशी नव्हती. पानाच्या अखेरीस एखादी खूण अर्धवट राहिली, की वाचन उडी मारून शेवट ओलांडी आणि शेजारच्या मजकुरात शिरे. मग परक्यांचे खासगी संदेश, परवलीचे शब्द यांचे तुकडे भलत्याच पानांतून बाहेर पडत.

फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगलचे संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी हे ओळखून कंपनीला कळवले. सात तासांच्या आत दुरुस्ती झाली. गळतीचा संभव मात्र २२ सप्टेंबर २०१६ पासून होता. गळती सर्वाधिक होती त्या दिवसांतही तिचे प्रमाण सुमारे ३३ लाख विनंत्यांमागे एक, एवढेच होते.

'इतके अल्प प्रमाण, मग एवढा बाऊ कशाला?' असे कोणी म्हणेल. पण अल्प होते म्हणूनच ते पाच महिने लपून राहिले. चाचणीत सहसा न येणारे, अर्धवट पान हीच खरी परीक्षा होती.

आपल्या शाळांत आज्ञावली एकदा नीट चालली की गुण मिळतात. भागाकाराच्या आज्ञावलीला भाजक म्हणून शून्य देऊन किती जण पाहतात? माझी शिक्षकांना सूचना आहे, की निम्मे गुण चालण्याला द्यावेत आणि निम्मे न मोडण्याला. शेजारच्या विद्यार्थ्याने मुद्दाम चुकीची, अपुरी माहिती घालून पाहावी. चूक सापडली तर हसू नये, लिहून द्यावी. ज्याची चूक असेल त्याने ती लपवू नये. क्लाउडफ्लेअरनेही २३ फेब्रुवारी २०१७ रोजी आपली चूक सविस्तर जाहीर केली होती.

मित्रहो, त्या पहारेकऱ्याच्या हुकमात दोनच शब्द कमी होते : 'किंवा वर'. आपल्या आज्ञावलीत ते आहेत ना, एवढे आजच पाहा.