लोकप्रियतेत कितवा?

हल्ली एखाद्या तरुण खेळाडूचे नाव निघाले की त्याने गोल किती केले याच्या आधी त्याचे 'फॉलोअर्स' किती आणि लोकप्रियतेत तो कितवा, हे सांगितले जाते. ब्राझीलच्या एन्ड्रिकबद्दल आमच्या नातवाने मोठ्या कौतुकाने असेच काहीतरी सांगितले. मला कौतुकापेक्षा काळजी जास्त वाटली.

एन्ड्रिकचा जन्म जुलै २००६ चा. घरची गरिबी. मुलाकडे क्लबांचे लक्ष जावे म्हणून वडील त्याच्या खेळाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकत. पुढे साओ पावलोच्या पाल्मेरास क्लबने मुलाला घेतले आणि वडिलांना तिथेच सफाईचे काम मिळाले. तेव्हा प्रसिद्धी सरसकट वाईट, असे मी म्हणणार नाही. या घराची चूल तिने पेटवली.

पण पुढे पाहा. सोळाव्या वर्षी तो मोठ्यांच्या संघात आला आणि दोन-अडीच महिन्यांत, डिसेंबर २०२२ मध्ये, रिअल माद्रिदशी करारही जाहीर झाला. मार्च २०२४ मध्ये वेम्बलीवर बदली खेळाडू म्हणून उतरून त्याने गोल केला आणि ब्राझीलने इंग्लंडला १-० हरवले. जुलैत माद्रिदमध्ये त्याच्या स्वागताला हजारो लोक जमले. स्पेनच्या लीगमधल्या पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. आणि नंतर? बहुतेक वेळ बाकावर! शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये त्याला काही महिन्यांसाठी फ्रान्सच्या लिऑन क्लबकडे उसना द्यायचे ठरले.

बाकावर बसलेल्या त्या महिन्यांत त्याचे पाय काही खेळ विसरले नव्हते. तसेच, स्वागताला जमलेल्या गर्दीमुळे त्याला एक मिनिटही जास्त खेळायला मिळाले नाही. लोकप्रियतेचा आकडा आपले कुतूहल मोजतो, त्याचा खेळ नव्हे.

२००० साली फिफाने शतकातला सर्वोत्तम खेळाडू निवडायला घेतला. इंटरनेटवरच्या मतदानात सुमारे ५४ टक्के मते घेऊन मॅराडोना पहिला आला, जाणकारांनी मात्र पेलेला निवडले. अखेर दोघांनाही पुरस्कार द्यावे लागले. त्या दोघांचे बिघडले काहीच नाही, कारण त्यांची कारकीर्द तेव्हा मागे पडलेली होती. सतरा वर्षांच्या मुलाचे तसे नसते.

आपल्याकडे दहावीच्या गुणवत्ता यादीचे असेच होते. यादीत आलेला मुलगा पुढे अभ्यास कमी आणि आपला नंबर जास्त सांभाळतो, हे आम्ही शिक्षकांनी पाहिले आहे. बोर्डाने ती यादी बंद केली ते बरेच झाले.

तरुण मुलाला शाबासकी जरूर द्यावी, पण त्याच्या कपाळावर क्रमांक चिकटवू नये. शाबासकी घेऊन तो पुन्हा खेळायला जातो; क्रमांक चिकटला की आरशापुढेच उभा राहतो. तुमचे मत वेगळे असेल तर जरूर कळवा.