आधी मोजा, मग बदला!

गेल्या दिवाळीत काकांच्या गाडीचा 'चेक इंजिन'चा दिवा लागला. स्कॅनरवर कोड आला पी ०१३५, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये दोष. "सेन्सर गेला, बदलून टाका," असं इंजिनिअर पुतण्या म्हणून मीच ठोकून दिलं. हजारोंचं बिल झालं आणि दोन दिवसांत दिवा परत हजर!

आता बघा, झिर्कोनियाचा हा सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढेच नीट काम करतो. तो लवकर तापावा म्हणून आत हीटर असतो. हीटर बंद पडला की गाडी गार असताना इंजिन जास्त वेळ अंदाजानेच पेट्रोल घेतं.

शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मल्टिमीटर काढला. आमच्या जुन्या सेन्सरचा हीटर मोजला, तर काही ओहम, म्हणजे शाबूत! इंजिन चालू करून प्लगवर बघितलं, तर १२ व्होल्टच नाहीत. फ्यूज उडालेला. "फ्यूज उगाच उडत नाही, पोरा," म्हणत त्यांनी वायर चाचपली. एक्झॉस्टला टेकून ती वितळली होती. वायर बदलली, लांब बांधली, नवा फ्यूज घातला. दिवा गेला.

कोड फक्त कुठं शोधायचं ते सांगतो, काय बदलायचं ते नाही. ओहमचा नियम आपल्याला तोंडपाठ, पण प्रॅक्टिकलची रीडिंग सीनियरच्या जर्नलमधून! सरांना विनंती, एक व्हायवा मल्टिमीटर हातात देऊन घ्या. नापास झालो तरी चालेल, निदान काकांचे पैसे तरी वाचतील.